लेक सुपीरियरमध्ये मी मारलेली उडी

आधीच सांगते, हा ब्लॉग मी रागात लिहितेय. लेक सुपीरियरला पॅडलबोर्डिंगला, म्हणजे फळीवर उभं राहून वल्हवायला, जायचं असेल तर जरूर जा. रस्ता सुंदर, पाणी त्याहून सुंदर. फक्त सोबत कुणाला नेताय तेवढं बघा.

हे ठरलं आमच्या ईडन प्रेरीच्या घरी, आमचे जुने मित्र समीर आणि गौरी जेवायला आले होते तेव्हा. समीर म्हणाला, "ऑगस्टमध्ये एका दिवसात जाऊन येऊ. मी, गौरी आणि मिलिंद खडकावरून उड्या मारू, वैशाली सामान सांभाळेल." मिलिंद म्हणजे माझा नवरा. त्यानं लगेच मान डोलावली. मला विचारलं कुणी? बाहेर बर्फ पडत असताना अख्खा हिवाळा कम्युनिटी सेंटरच्या पूलमध्ये लहान पोरांच्या शेजारी हातपाय मारून मी पोहायला शिकले, ती काय बॅगांवर बसायला? तिथेच मनाशी पक्कं केलं, उडी मारायचीच.

पहाटे निघालो. डुलुथ शहरापर्यंत अडीच-तीन तास, पुढचा रस्ता पाण्याच्या कडेकडेनं जातो. पार्किंग इवलंसं आहे, लवकर पोचा. बोर्ड भाड्यानं मिळतात, लाइफ जॅकेट त्यातच येतं. अंगाला घट्ट बसणारा रबरी वेटसूट मात्र आठवणीनं मागून घ्या, ऑगस्टातही हे पाणी हाडं गोठवतं. दुपारी वारा सुटतो, त्यामुळे सकाळीच उतरलेलं बरं.

बोर्डवर आधी गुडघ्यांवर बसायचं, तोल आला की उभं राहायचं. मी पडले, समीर माझ्यापेक्षा जास्त वेळा पडला, पण सगळे हसले ते माझ्या पडण्याला. म्हणायला हा तलाव, पण पलीकडचा काठ दिसत नाही आणि तळाचे गोटे स्वच्छ दिसतात. खरं सांगते, थोडा वेळ मी राग विसरले होते.

खडक दीड मजली घराएवढा. तिथली मंडळी जिथून उडी मारतात तिथूनच मारायची आणि खाली एकानं बोर्डवर थांबून जागा मोकळी ठेवायची, एवढा नियम पाळा. तिघांच्या उड्या झाल्या. व्हिडिओ कुणी काढले? मी. गौरीचा तर तीन वेळा, केस नीट दिसेनात म्हणून.

मग म्हटलं, "आता मी."

"उगाच कशाला यार," मिलिंद म्हणाला, "पाय मुरगळला तर?"

"अगं, मग बॅगांपाशी कोण बसणार?" गौरी म्हणाली.

"बसा तुम्ही," म्हटलं आणि चढले.

वर पोचले. खाली बोर्डवर समीर होता. जॅकेटचा पट्टा आवळला आणि ओरडले, "समीर, येते रे मी!"

त्यानं हात वर केला. "ये, ये. सावकाश ये."

नाक धरलं आणि मारली उडी.

पाण्यातून डोकं वर काढलं तर मला दिसली समीरची पाठ. तो आरामात काठाकडे वल्हवत निघाला होता. काठावर मिलिंद आणि गौरी एका सीगल पक्ष्याच्या मागे धावत होते, कारण त्यानं थालीपिठांची पिशवी पळवली होती. मी पोहत काठाला लागले.

"पाहिलीत?" मी विचारलं.

"काय?" मिलिंद म्हणाला. "आणि पिशवी उघडी का ठेवलीस?"

समीर म्हणतो, "तू येते म्हणालीस ना? मला वाटलं निघालीस. आपण निघताना म्हणतो तसं. म्हटलं, घाबरली असेल, येऊ दे पायवाटेनं."

अरे, कड्याच्या टोकावर उभं राहून कुठली मराठी बाई 'जाते' म्हणेल?

गौरी हळूच म्हणाली, "भिजली तर तू सकाळपासूनच आहेस. व्हिडिओ असता तर प्रश्नच नव्हता." म्हणजे मी खोटं बोलतेय! बारा वर्षांची मैत्री आणि मला पुरावा मागतात. परतीच्या रस्त्यावर स्मोक्ड फिश फार छान मिळतो. तुम्ही नक्की खा, माझ्या घशाखाली उतरला नाही. गाडीत थालीपिठांची हळहळ डुलुथ मागे पडलं तरी चालू होती.

घरी पोचलो तोच अमरावतीहून सासूबाईंचा फोन. मिलिंद सांगत होता, "मस्त झाली ट्रिप, आई. आम्ही तिघांनी उड्या मारल्या. वैशाली होती सामानापाशी."

मी त्याच्या हातातून फोन घेतला. "आई, मी पण मारली. यांच्यापैकी कुणी पाहिली नाही."

वाटलं, आता याही म्हणणार, या वयात कशाला.

"कशी वाटली गं?" त्यांनी विचारलं.

दिवसभरात हे एकानंही विचारलं नव्हतं. मिलिंद समोर उभा होता. मी फोन स्पीकरवर टाकला आणि पार खडक चढण्यापासून सांगायला बसले.