वेल्सकाका

करंदीकरकाकांना कुणी ‘तुमची मंजू इंग्लंडला असते ना?’ असं विचारलं, की ते हातातला चहाचा कप खाली ठेवत आणि म्हणत, “इंग्लंड नव्हे. वेल्स.” मग त्या माणसाची लवकर सुटका नसे. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स मिळून ग्रेट ब्रिटन. त्यात नॉर्दर्न आयर्लंड धरलं की यूके. लंडन यूकेची राजधानी असली तरी अख्खं यूके म्हणजे इंग्लंड नव्हे. बहरीनमधल्या मनामा शहरातल्या आम्हा मराठी मंडळींत त्यांचं नाव वेल्सकाका पडलं ते यामुळेच. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडायचंही.

मनामाच्या नईम भागात ते आणि सुधाकाकू आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहत. मूळचे सांगलीचे. जवळच्याच तुबली गावातल्या एका गॅरेजमध्ये काका अकाउंट्स सांभाळत. तिथला बहरीनी मॅनेजर ‘सब सेम, खलास’ म्हणून हात झटकायचा, पण काका त्यालाही सोडत नसत. मंजू, त्यांची एकुलती एक, बहरीनमध्येच वाढली. नर्स होऊन ती तिकडे नोकरीला गेली आणि तिथल्याच ग्विन नावाच्या शाळामास्तराशी तिनं लग्न केलं.

हा आग्रह काकांच्या अंगात पहिल्यापासून नव्हता. लग्नानंतर ग्विन पहिल्यांदा आला, तेव्हा काका हौसेनं त्याला सखीरला मोटारींची शर्यत दाखवायला घेऊन गेले. मीही बरोबर होते. ओळखीचं कुणी भेटलं, की काका ग्विनच्या पाठीवर हात ठेवून सांगत, हे आमचे इंग्लिश जावई. ग्विन दर वेळी हसायचा, पण दर वेळी जरा कमी. परत येताना गाडीत मंजू म्हणाली, “बाबा, ही इज नॉट इंग्लिश. ऑफिसमध्ये सगळे तुम्हाला गुजराती समजतात, तेव्हा घरी येऊन किती चिडता?”

दुसऱ्या दिवशी काकांनी ग्विनला समोर बसवून त्याच्या गावाचं नाव म्हणायला शिकून घेतलं. त्यात जिभेच्या कडेनं हवा सोडत म्हणायचा एक ‘ल’ होता. तो त्यांना कधीच जमला नाही. पण जिना चढताना त्यांचा सराव चालायचा, आणि आम्हाला दाराआडून तो ऐकू यायचा.

दोन हिवाळ्यांमागे एका सकाळी मंजू ड्यूटीवरच कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. संध्याकाळपर्यंत ती गेली. काका-काकूंचे पासपोर्ट व्हिसासाठी अडकून पडले. ग्विनचा रोज फोन येई. अंत्यसंस्कारासाठी आमची वाट बघत थांबू नकोस, असं काकांनी त्याला सांगून पाहिलं. तो म्हणाला, तिचे आईवडील आल्याशिवाय मी काहीही करणार नाही. आणि तो खरोखरच थांबला.

काका-काकू वेल्सला जाऊन परतल्यावर आम्ही सगळे भेटायला गेलो. काकू आतल्या खोलीत पडून होत्या. शेवटी कुणीतरी म्हणालं, “इंग्लंडमध्ये थंडी फार असेल ना या दिवसांत?” आम्ही सगळ्यांनी काकांकडे पाहिलं.

“हो,” काका म्हणाले. “फार.”

त्यानंतर त्यांनी कुणाची चूक सुधारली नाही. लोक इंग्लंड म्हणत, ब्रिटन म्हणत, एकजण तर लंडनच म्हणाला. काका ऐकून घेत. त्यांच्या व्याख्यानाला पूर्वी कंटाळणारे आम्ही आता मुद्दाम, ठासून ‘वेल्स’ म्हणायला लागलो. ते त्यांच्या लक्षात यायचं. ते मान खाली घालायचे.

नोकरी संपली, की इथला व्हिसाही संपतो. यंदा काका-काकू सांगलीला कायमचे परत गेले. विमानतळावर मीच सोडायला गेले होते. काकू ट्रॉली धरून थोड्या पुढे उभ्या होत्या. काका माझ्या शेजारी थांबले आणि आपणहून बोलू लागले.

“तिथल्या एका बागेत तिच्या अस्थी ठेवल्यात. वर लहानसा दगड आहे. त्यावर तिचं नाव, आणि खाली दोन ओळी वेल्श भाषेत. ग्विननं मला अर्थ सांगितला होता गं. पण तेव्हा डोक्यात काही शिरतच नव्हतं.”

“मग आता फोन करून विचारा ना, काका.”

“दर रविवारी तोच करतो फोन. पण विचारलं तर त्याला वाटेल, यांनी तेव्हा ऐकलंच नाही.”

काकूंनी हाक मारली. काकांनी खिशातले पासपोर्ट चाचपून पाहिले आणि ते त्यांच्या मागोमाग आत गेले.