मास्तरांचा ठिगळांचा तंबू

सायकलवरून लांब निघालेला कुणीही माणूस मास्तरांकडं सल्ल्याला आला, की मास्तर त्याला आधी त्याचीच सायकल उचलायला लावत. अंगणाच्या कडेला गुडघ्याएवढा दगडी ओटा होता. सगळं सामान बांधलेली सायकल एकट्यानं त्या ओट्यावर चढवायची आणि परत खाली घ्यायची. जमलं तर चहा. नाही जमलं तर दोऱ्या सोडा, अर्धं सामान काढा, पुन्हा बांधा आणि पुन्हा तेच, "उचलून बघा." शाळेतली पोरं त्यांना 'उचलून-बघा मास्तर' म्हणत आणि ते मास्तरांना ठाऊक होतं. एकदा तहसीलचे पेशकारसाहेब तुळजापूरपर्यंत सायकलनं जायची हौस घेऊन आले. मागं चक्क लोखंडी ट्रंक बांधलेली. मास्तरांनी त्यांनाही सोडलं नाही. "साहेब, ओढ्यात चाक रुतलं तर तिथं तुमचा शिपाई नसतो. उचलून बघा." साहेबांच्या शेरवानीचा काखेतला टाका उसवला, सायकल काही हलली नाही. शेवटी ते टांग्यानं गेले.

आम्ही दोघं धाराशिवच्या एकाच शाळेत होतो. ते ड्रॉइंग शिकवत, मी हिसाब. वयानं ते माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. दरवर्षी दिवाळी सरली, की आठ दिवस सायकलवर तंबू बांधून ते खेडोपाडी हिंडत. ना देव, ना दुकान, ना सोयरीक. "कशाला हिंडता हो?" असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "माणसं बघायला. पोरांना चेहरे काढायला शिकवतो ना मी? मग चेहरे नकोत बघायला?" मला ते उत्तर भारी आवडलं आणि मीही त्यांच्या नादी लागलो.

पण माझ्याकडं सायकल कुठं होती! मास्तरांनी मला सोलापूरला जुन्या सायकलींच्या दुकानात नेलं. तिथं हिरवीगार, पातळ टायरची, चकचकीत हँडलची एक सायकल बघून मी खुळावलोच. मास्तरांनी तिचं चाक उचलून फिरवलं, कान लावून ऐकलं, सीट अंगठ्यानं दाबली आणि मान हलवली. "ही वरातीची हाय, हिसाबवाले. आपल्याला औताची पायजे." मग कोपऱ्यातली एक काळी, जाड टायरची, दांडीचे ब्रेक असलेली धुडासारखी सायकल त्यांनी पुढं ओढली. पेडलपासून सीटपर्यंतचं अंतर माझ्या हाताशी ताडून बघितलं, काखेपासून बोटांच्या टोकापर्यंत. बरोबर भरलं. मी आठवडाभर गाल फुगवून बसलो होतो. ती सायकल मी पुढं वीस वर्षं चालवली आणि एकदाही तिनं मला वाटेत दगा दिला नाही.

सामान निवडण्याचीही त्यांची एक तऱ्हा होती. मास्तर मूळचे कानडी मुलखाकडचे. एरवी बोलायचे आपल्यासारखंच, पण नको म्हणायचं असलं की कानडीत म्हणायचे. मी घरून आणलेलं सामान त्यांच्या सतरंजीवर मांडलं. पितळी स्टो? "बेडा." घडीची खुर्ची? "बेडा." उशी? "बेडा, बेडा." तीन पुस्तकं बघून तर त्यांनी कपाळालाच हात लावला. उरलं काय, तर एक घोंगडं, पाण्याची कॅनव्हासची पिशवी, एक पातेलं, पंप, ठिगळाचं रबर आणि सुलोचनची नळी. सोल्यूशनला आमच्याकडं सगळे सुलोचनच म्हणतात. माझी बायकोही सोबत आली होती, ती दारातून बघत होती. ती म्हणाली, "मास्तर, आणखी दोन वेळा बेडा म्हणा, म्हणजे हे पण घरीच राहतील."

एक वस्तू मात्र मास्तर वजनाकडं न बघता नेत. ती म्हणजे त्यांचा तंबू. मुळात तो पांढऱ्या मांजरपाटाचा, त्यांनी स्वतः बेतलेला. पण वीस वर्षांत मूळ कापड कुठं आणि ठिगळं कुठं हे कळेनासं झालं होतं. जिथं मुक्काम पडे, तिथली कुणी ना कुणी बाई फाटलेलं शिवून द्यायची. बेंबळीच्या काशीबाईंच्या हिरव्या लुगड्याचा तुकडा, माकणीच्या कुणाच्या चोळीचा खण, कुठलं तरी कुंचीचं लाल कापड. मास्तर कधीच थेट गावात शिरत नसत. गावाबाहेरच्या माळावर तंबू उभा करायचा आणि बाजूला बसून राहायचं. घटकाभरात हाका यायच्या, "मास्तर आलं! मास्तर आलं!" त्या तंबूचे रंग कोसभरावरून ओळखू येत.

पहिल्या फेरीत मी काशीबाईंना बघितलं. पन्नाशीच्या, विधवा, काटक, तोंडाच्या फटकळ. सुईदोरा घेऊनच माळावर आल्या. "मास्तर, ह्यो तुमचा तंबू हाय का माझी वाकळ?" असं म्हणत तंबू उलटासुलटा करून बघायला लागल्या. मग माझ्याकडं वळून, "आन ह्यो कोन नवा? लईच नाजूक दिसतुया." मास्तर हसत होते. असं हसताना मी त्यांना शाळेत कधी बघितलं नव्हतं. भाकरी काशीबाईंच्या घरची, पिठलं पलीकडच्या घरचं, आणि मास्तर कोळशानं एकेकाचं तोंड कागदावर काढून देताहेत. त्या माळावर ते कुणाचे तरी होते.

त्याच फेरीत माकणीला अवकाळी पाऊस आला आणि तंबू ठिगळाठिगळातून गळला. मला ताप भरला. इथूनच माझ्या डोक्यात ते खूळ शिरलं. मास्तरांनी मला सायकल निवडून दिली, रस्ता दाखवला, आपण त्यांना काही तरी द्यावं. महायुद्ध संपलं होतं आणि सोलापुरात लष्कराच्या उरलेल्या सामानाचे लिलाव चालले होते. मी तिथून एक तंबू आणला. काय तंबू होता! पितळी कड्या, दुहेरी शिलाई, पाण्याचा थेंब आत येणार नाही. रंग खाकी. येताना करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या नाक्यावर बसलेला शिपाई ते खाकी गाठोडं बघून ताडकन उठून उभा राहिला. मला त्याची गंमत वाटली. अहो, गंमत! तेव्हा जरा डोकं चालवलं असतं तर.

मी तो तंबू मास्तरांच्या अंगणात उलगडला. त्यांनी शिलाईवरून हात फिरवला, कडी ओढून बघितली. मग म्हणाले, "रंग..."

"रंगाचं काय? पांढऱ्याला धूळ दिसते, याला दिसणार नाही," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांचा तो कानडी शब्द येईल असं मला क्षणभर वाटलं. तो आला नाही. "लई चांगला हाय," एवढंच म्हणाले. मला इतका आनंद झाला, की जुना तंबू मी त्याच दिवशी धुवायला म्हणून घरी नेला आणि दारावर आलेल्या बोहारणीला देऊन टाकला. तिनं बदल्यात एक पितळी डबा दिला. मास्तरांनी दोन दिवसांनी विचारलं, तेव्हा मी हसत सांगितलं, "त्याची आता काय गरज?" ते "हां" म्हणाले.

पुढच्या दिवाळीपर्यंत मुलखाची हवाच बदलली. निजामाची राजवट शेवटच्या घटका मोजत होती आणि खेड्यापाड्यांतून खाकी घातलेल्या टोळ्या फिरत होत्या. कुठं घरं जाळली, कुठं धान्य नेलं, रोज काही तरी कानावर यायचं. लोक दागिने शेतात पुरत होते. मी मास्तरांना म्हणालो, "यंदा राहू द्या." ते म्हणाले, "यंदाच जायला पायजे. माणसं भ्यालेत. वळखीचं कुणी दिसलं तर जरा धीर येईल." मला मात्र पेपर तपासायचे होते. म्हणजे, मी भ्यालो होतो. पेपर चार दिवस थांबले असते. मास्तर एकटे गेले आणि तिसऱ्याच दिवशी परत आले. तंबू माळ्यावर टाकला. मी विचारलं तर म्हणाले, "गाव जरा घाबरलं हो," आणि विषय बदलला.

खरं काय झालं ते मला काशीबाईंच्या थोरल्या मुलाकडून कळलं. तो धाराशिवच्या बाजारात भेटला. तंबू माझा होता हे त्याला माहीत नव्हतं. मास्तरांनी नेहमीसारखा दिवस मावळायच्या आधी बेंबळीच्या माळावर तंबू उभा केला आणि वाट बघत बसले. गावानं लांबून खाकी तंबू बघितला. कुणी तरी ओरडलं, "आले!" आणि सगळं गाव पोरंबाळं काखेत मारून उभ्या ज्वारीत पळालं. मास्तर बराच वेळ बसले, कुणी येईना म्हणून आयुष्यात पहिल्यांदा आपणहून गावात शिरले. दारं उघडी, चुली पेटलेल्या, तव्यावर भाकरी करपत होत्या. "अरे मी मास्तर! मी मास्तर!" असं ओरडत ते ज्वारीतून धावत सुटले. काशीबाई बांधावरून खाली पडल्या होत्या. खुबा मोडला होता. मास्तरांनी त्यांना पाठीवर घेऊन घरी आणलं. त्यानंतर त्या पुन्हा आपल्या पायावर उभ्या राहिल्या नाहीत.

मी बाजारातून तडक मास्तरांकडं गेलो. "तुम्हाला रंगाचं कळलं होतं ना?"

"कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत? माझ्या एक थोबाडीत मारायची होती!"

मास्तर सायकलची चेन पुसत होते. हात न थांबवता म्हणाले, "बायको गेल्यापासून मला कुणी काय आणलं नव्हतं, हिसाबवाले. नको म्हणायला जीभच वळली न्हाय. चूक माझी हाय." मग जरा वेळानं, "मी रविवारी बेंबळीला जातोय. चला संगं." मी म्हणालो, बघू. रविवारी मला पेपर होते.

त्यांचं तंबू घेऊन हिंडणं कायमचं बंद झालं. पण महिन्यातल्या एका रविवारी ते बेंबळीला जात राहिले. जाताना दर वेळी माझ्या दारात सायकलची घंटी वाजवत, आणि मी दर वेळी काही तरी निमित्त सांगे. कधी सासऱ्यांचं दुखणं, कधी शाळेचं काम. त्यांनी एकदाही टोकलं नाही. कसल्या तोंडानं जाणार होतो मी? त्या बाईंनी विचारलं असतं, "ह्यो नाजूक कसा काय आला?" आणि मला सगळं सांगावं लागलं असतं.

राजवट गेली. पुढं मास्तरांची नोकरी संपली आणि ते उमरग्याच्या पलीकडं, बहिणीच्या गावी राहायला निघाले. सकाळी मोटारीच्या अड्ड्यावर मी पोचवायला गेलो. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "एकदा बेंबळीला जाऊन या हो. माझ्यासाठी न्हाय, तुमच्यासाठी." मी मान हलवली. आठ-नऊ महिन्यांनी त्यांच्या बहिणीचं पोस्टकार्ड आलं. तापाचं निमित्त होऊन मास्तर गेले होते. ते कार्ड घेऊन मी अंगणात किती वेळ बसलो होतो कुणास ठाऊक. बायकोनं विचारलं तेव्हा कार्डच तिच्या हातात दिलं.

त्याच आठवड्यात मी बेंबळीला गेलो. काशीबाई ओसरीत बाजेवर बसून शेंगा निवडत होत्या. मला त्यांनी ओळखलं. मास्तर गेल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांचे हात थांबले. त्यांनी पदर तोंडाला लावला. मग मी सांगून टाकलं. तंबू मी आणला होता. जुना तंबू मी बोहारणीला दिला. मास्तरांचा त्यात काही दोष नव्हता.

"तुमी?" त्या म्हणाल्या. "त्यांनी तर सांगितलं, म्याच इकत घेतला, मला त्यो रंग आवडला म्हनून."

मी पायरीवर टेकलो.

"म्या दोन वर्सं, ते धाराशिव सोडून जाईपतोर, त्यांच्याशी बोलले न्हाय, गुर्जी. बोलणार न्हाय म्हनजे न्हाय. ते यायचे, हितं पायरीवर बसायचे, पाणी प्यायचे, जायचे. जाताना 'येतो काशीबाई' म्हनायचे, तर म्या भिंतीकडं तोंड करायचे." त्यांनी डोळे पुसले. "तुमी एकदा येऊन सांगितलं असतं, तर म्या 'या' म्हनले असते की वो त्यांना."

बेंबळी धाराशिवापासून सायकलवर दोन तासांच्या वाटेवर आहे. मला यायला तीन वर्षं लागली.