शून्य बघायचं राहिलं

माझ्याकडून चूक होत नाही, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे तसं मीच पसरवलंय. ब्रिस्टलला विमानाचे सुटे भाग तपासायचं माझं काम. बावीस वर्षं तेच करतेय, आणि दुसऱ्याची चूक पकडल्यावर मला होणारा आनंद मी कधी लपवलेला नाही. नाकाने कांदे सोलते, असं माझी धाकटी बहीण म्हणते. खरंच आहे ते.

मला नेमबाजीचा नाद आहे. हे ऐकलं की आपली माणसं दोन पावलं मागे सरतात. ‘अगोबाई, बंदूक? कशाला?’ कुणाला मारायला नाही हो, कागदाला. हजार यार्डांवर एक फळा उभा असतो, त्यावर काळा गोल, आणि ओल्या गवतात पालथं पडून त्या गोलाच्या मधोमध गोळी घालायची. आणि या नादाचा अर्धा भाग घरी असतो. काडतुसं आम्ही आमची आम्ही भरतो. झाडलेल्या पितळी पुंगळ्या गोळा करून आणायच्या, घासायच्या, प्रेसमध्ये घालून पुन्हा मापात आणायच्या, बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, वजनकाट्यावर बंदुकीची दारू तोलून ओतायची आणि वर गोळी बसवायची. एकेका काडतुसाला पाच मिनिटं. दुकानात तयार मिळतात की, असं कुणी म्हणालं तर मला लोणचं-पापड विकत आणणारी माणसं आठवतात.

हे सगळं मला एका म्हाताऱ्याने शिकवलं. क्लबात पहिल्या दिवशी मी गेले तेव्हा सगळे माझ्याकडे मी टॉयलेट साफ करायला आल्यासारखे बघत होते. हा एकटा उठला, चहाचा मग माझ्या हातात दिला आणि म्हणाला, ‘ये गं, माझ्या रायफलने मार.’ आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस. बायको वारलेली, एक लेक ब्रॅकनेलला. पुढे मी बंदूक बाळगायच्या सर्टिफिकेटला अर्ज केला तेव्हा पोलिसांकडचा माणूस घरी आला, बंदुकीचं कपाट भिंतीला पक्कं आहे का ते हलवून बघून गेला, आणि तुला हे का करायचंय हे तीनतीनदा विचारून गेला. माझ्यासाठी सही करायला हाच म्हातारा पुढे झाला. परक्या मुलखात असं कोण करतं? माझ्या स्वतःच्या नात्यातल्या लोकांनी केलं नसतं.

त्याचे नियम दोनच. दारू तोलताना बोलायचं नाही. आणि दर वेळी बसलीस की आधी रिकामी ताटली काट्यावर ठेवायची, काटा शून्यावर येतो का बघायचं, मगच डबा उघडायचा. काल बघितलं होतं, सकाळी बघितलं होतं, हे चालणार नाही. मी ते कागदावर लिहून काट्याच्या वर भिंतीला चिकटवलं होतं.

गेल्या वर्षी त्याच्या बोटांचे सांधे आखडले. ट्रिगर ओढता येई, पण ती मसुराएवढी टोपी चिमटीत धरता येईना. लेक मागे लागली होती, डॅड, पुरे आता, विकून टाक सगळं आणि माझ्याकडे ये. सर्टिफिकेटची मुदत ऑक्टोबरअखेर संपत होती. त्याने लेकीशी सौदा केला. क्लबची शेवटची मॅच मारायची. नीट मारली तर सर्टिफिकेट पुन्हा काढायचं आणि ब्रिस्टलमध्येच राहायचं. नाही जमलं तर रायफल द्यायची आणि तिच्याकडे जायचं. मग माझ्याकडे पुंगळ्यांची पिशवी घेऊन आला आणि म्हणाला, ‘काडतुसं तू भर. दुसऱ्या कुणाच्या हातची मी वापरणार नाही.’

मला काय वाटलं ते सांगते. अभिमानाने मी दोन दिवस तरंगत होते.

त्याच महिन्यात आबा साताऱ्याहून आले होते, माझे वडील. आबा एमआयडीसीत टर्नर होते, पस्तीस वर्षं एकाच लेथवर. मी काडतुसं भरते ती अडगळीची बॉक्सरूम बघून हा माणूस जसा हरखला, तसा माझ्या घराला, गाडीला, पगाराला कधी हरखला नव्हता. प्रेसचा दांडा वरखाली करून बघितला, माप घ्यायचं व्हर्नियर उजेडाला धरलं आणि म्हणाले, ‘पोरी, तू तर माझाच कारखाना काढलास की गं!’ मी सत्तेचाळीस वर्षांची बाई, पण त्या वाक्याला मला रडू आलं. म्हाताराही एकदा येऊन त्यांना भेटून गेला. दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं, पण तासभर पुंगळ्या हातात घेऊन बसले. जाताना तो मला नेहमीप्रमाणे ‘माय लव्हर’ म्हणाला. इकडे भाजीवालीही असंच म्हणते, हे आबांना पटवताना माझी पुरेवाट झाली.

शनिवारी मी काडतुसं भरायला बसले. काटा शून्यावर आणला, आबांना बाहेर काढलं, दार लावलं आणि पंचवीस भरली. उरलेली पंचवीस नंतर भरू म्हटलं. भरलेली काडतुसं कपाटात, दारूचा डबा त्याच्या पेटीत, कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात.

रविवारी खंडेनवमी होती. मी विसरले होते. आबा कसे विसरतील? कारखान्यात त्या दिवशी मशीन बंद, लेथ धुऊन-पुसून कुंकू, नारळ, पेढे. त्यांनी विचारलं, ‘तुझ्या हत्यारांची पूजा करू न्हवं?’ मी म्हटलं, करा, पण त्या खोलीत काडी ओढायची नाही, उदबत्तीसुद्धा नाही. एवढं सांगून मी नारळ आणायला गेले. एकच सूचना दिली, आणि नेमकी दुसरी द्यायची राहिली.

परत आले तर प्रेसला हळदकुंकू, व्हर्नियरच्या डबीला हळदकुंकू, ट्रेवर अक्षता, आणि झेंडू मिळाला नाही म्हणून सुपरमार्केटातली पिवळी शेवंती. काट्यावर त्याचं प्लास्टिकचं झाकण जसंच्या तसं होतं. आबा म्हणाले, ‘म्हातारबाबाच्या मॅचसाठी पण हात जोडले बघ.’ मी फोटो काढला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी हात जोडलेले पाठवले.

सोमवारी मी रजा घेतली होती. उरलेली पंचवीस भरायला बसले तेव्हा आबा शेजारी खुर्ची घेऊन बसले, आणि मी त्यांना उठा म्हणाले नाही. त्यांच्या लेथच्या गोष्टी चालल्या होत्या. एका साहेबाने एकदा त्यांचं माप चुकलं म्हणून आरडाओरडा केला आणि शेवटी साहेबाचंच व्हर्नियर खोटं निघालं. मी हसत होते. झाकण काढलं, ताटलीत दारू ओतायला घेतली. परवाच तर शून्य बघितलंय, असं मनात आलं होतं. ते वाक्य मला शब्दन् शब्द आठवतं, कारण भिंतीवरचा कागद समोर होता.

मग पन्नासच्या पन्नास काडतुसं एकत्र करून, एकेक हाताने फिरवून बघून, मी बावीस उत्तमातली उत्तम निवडली. दोन नेमाचा अंदाज घ्यायला, ज्यांचे गुण धरत नाहीत, आणि वीस मॅचची. त्यात शनिवारची कुठली आणि सोमवारची कुठली, हे वेगळं ठेवायचं मला कारणच नव्हतं.

त्या आठवड्याअखेर मॅच होती, आणि आम्ही दोघं जोडीला होतो. आमच्यात जोडीदाराचे गुण जोडीदार लिहितो. आधी मी मारलं, माझ्या जुन्या काडतुसांनी, आणि छान मारलं. मग तो गवतात पालथा पडला. अंदाजाच्या दोन्ही गोळ्या मधोमध. पहिली मधोमध. दुसरी खाली, पार काळ्याच्या कडेला. त्याने मान वर केली. तिसरी मधोमध. चौथी पुन्हा खाली, पाचवी त्याहून खाली. वाऱ्याने गोळी डावी-उजवीकडे जाते, अशी वरखाली होत नाही. त्याने श्वास सोडला, हात झटकले, बोटं चोळली. मी शेजारी बसून एकेक आकडा लिहीत होते. दहाव्या गोळीनंतर तो माझ्याकडे वळला आणि शांतपणे विचारलं, ‘माप बघितलं होतंस ना?’

मी म्हटलं, ‘हो.’

वर अंमळ रागानेच म्हटलं. माझं माप चुकेल?

वीस संपल्या. शेवटून दुसरा आला. गवतात तसाच पडून राहिला आणि मग म्हणाला, ‘गोळी वरखाली जाते ती दोन कारणांनी. दारूचं माप नाहीतर माणूस. माप तुझं आहे. म्हणजे माणूस.’ उठताना त्याने आधाराला माझा हात मागितला, यापूर्वी कधी मागितला नव्हता.

पुढच्या शनिवारी मी माझी काडतुसं भरायला बसले. रिकामी ताटली ठेवली, काटा शून्यावर येईना. दांडी पुसली, पाय सारखे केले. येईना. मग ताटली उचलून उलटी केली. खाली सुकलेलं कुंकू, चांगलं बोटभर, आणि त्यात चिकटलेला एक अक्षतेचा दाणा. ताटलीच जड झाली होती, म्हणजे सोमवारच्या प्रत्येक काडतुसात तेवढी दारू कमी पडली होती. या खेळात तांदळाच्या दाण्याएवढं वजन म्हणजे डोंगर. आबांनी माप दिसतं तिथे नको म्हणून, किती विचार करून, खालच्या बाजूला लावलं होतं. वाण्याच्या तराजूला दिवाळीत लावतात तसं. वर झाकणही नीट परत घातलं होतं. शहाण्या माणसाने आणखी काय करायचं?

माझं डोकं फिरलं. ताटली हातात घेऊन मी स्वयंपाकघरात गेले. आबा मेथी निवडत बसले होते. आठवडाभर मी मॅचचा विषय टाळला होता, आज त्यांनीच आधी विचारलं, ‘काय गं, म्हातारबाबाचं काय झालं? जिंकला का?’

मी ताटली पाठीमागे धरली आणि म्हटलं, ‘हो, जिंकला.’

‘बघ!’ म्हणाले, आणि पुन्हा मेथी निवडू लागले.

ऑक्टोबर संपायला अकरा दिवस होते. एक फोन करायचा होता. चूक माझी, शून्य मी बघितलं नाही, तुमचा हात अजून चांगला आहे, एवढंच. मी काय केलं? मी म्हटलं, आबांच्या कानावर जायला नको, ते गेले की सांगू. म्हाताऱ्याला मराठी येत नाही आणि आबांना इंग्रजी, कानावर जाणार कसं? पण कारण म्हणून ते मला पुरलं. आपलेच दात, आपलेच ओठ, असं स्वतःला सांगत राहिले, बापाची अब्रू राखतेय म्हणून. बापाची कसली डोंबलाची! क्लबात सगळ्यांना कळलं असतं की हिने शून्य बघितलं नाही, भिंतीवर कागद चिकटवून बघितलं नाही, ते मला नको होतं. दुकानदाराने दांडी मारली तर आम्ही मापात पाप म्हणतो. मी तर म्हाताऱ्याचं घर उठवलं.

आबांना विमानतळावर सोडलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याकडे गेले. अजून चार दिवस होते. पण दारात लेकीची गाडी होती आणि रायफल तीन दिवसांपूर्वीच डीलरकडे गेली होती. तो खोक्यांमध्ये उभा होता. म्हणाला, बरं झालं, हलकं वाटतं. त्याचा जुना काटा त्याने माझ्यासाठी कागदात गुंडाळून ठेवला होता, आणि वर त्याची वही, ज्यात तो दर मॅचची नोंद करायचा. लेकीने चहा केला. मी तो प्याले. तिने मला दारापर्यंत सोडलं आणि म्हणाली, ‘तुमचे आभार. तुम्ही काडतुसं भरली नसती तर त्यांनी काडतुसांना दोष दिला असता आणि हटून बसले असते.’

वही मी गाडीतच उघडली. शेवटच्या पानावर, त्या वाकड्या बोटांनी काढलेल्या अक्षरात दोन ओळी होत्या. काडतुसं : निर्दोष. नेमबाज : संपला.

हे होऊन वर्ष झालं. तो ब्रॅकनेलला लेकीच्या मागच्या खोलीत राहतो, खिडकीतून पार्किंग दिसतं म्हणतो. दर रविवारी सकाळी फोन करतो, कारण मी करत नाही. आबाही साताऱ्याहून विचारतात, म्हातारबाबा काय म्हणतो, यंदा पण पूजा कर हो. मी दोघांनाही बरं म्हणते. त्याच्या काट्यावर आता मी दर वेळी शून्य बघते, दोन-दोनदा बघते. त्याने काय होणार आहे?

गेल्या रविवारी फोन ठेवता ठेवता त्याने विचारलं, ‘माप बघतेस ना?’

मी म्हटलं, ‘हो.’

‘ते मला माहीतच आहे,’ तो म्हणाला.