वासाच्या दिवशी बंद केलेल्या खिडक्या

आमच्याकडे वासाचे दिवस असतात. बोईसर आणि तारापूरच्या मधल्या कुठल्याही गावात विचारा, कोणीही सांगेल. वारा रसायनांच्या कंपन्यांकडून फिरला की कधी सडलेल्या कोबीसारखा, कधी नेलपॉलिशच्या बाटलीसारखा वास घरात शिरतो. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. मग प्रत्येक घराचा आपापला बंदोबस्त असतो. आमच्या घरचा बंदोबस्त माझा. खिडक्या लावायच्या, दाराच्या फटीत ओलं फडकं कोंबायचं, नाकावर ओला पंचा धरायचा आणि सगळ्यांनी गुळाचा एकेक खडा तोंडात टाकायचा. गुळाचं खूळ आमच्या ह्यांनी आणलेलं. हे तीस वर्षं कंपनीत ऑपरेटर होते, तिथे पावडरीच्या खात्यातल्या लोकांना गूळ द्यायचे, छाती साफ राहते म्हणून. राहते की नाही कोण जाणे, पण आमच्या घरात तो नियम झाला.

त्याच बंदोबस्तात मी माझ्या नवऱ्याला साडेतीन तास कोंडून ठेवलं. त्यांचं हृदय आतून बंद पडत चाललं होतं आणि मी बाहेरून खिडक्या लावत होते.

सकाळचे नऊ वाजले होते. मला वेळ पक्की ठाऊक आहे, कारण मुलगा सकाळच्या पाळीला गेला की नऊला मी चहा दुसऱ्यांदा ठेवते. हे वाडीत चिकूंना पाणी लावून आले आणि पायरीवरच बसले. शर्ट भिजलेला. मला वाटलं पाईप फुटला असेल.

"अहो, आंघोळ वाडीतच केलीत का?"

"वास आहे आज," हे म्हणाले. "छातीवर बसलाय."

वास होताच, ते काही खोटं नव्हतं. मी खिडक्या लावल्या. ह्यांना आत पलंगावर बसवलं, पंचा दिला, गूळ दिला. साखरेचा आजार असलेल्या माणसाला गूळ! पण वासाच्या दिवशी ते मोजत नव्हतो आम्ही. दहा वाजता त्यांना ओकारी झाली. वासाने होते कधी कधी. अकराला म्हणाले, जबडा दुखतोय, दाढेची ठणक असावी. मी लवंग दिली. सून दोनदा म्हणाली, "आई, पप्पांचा चेहरा बघा ना कसा दिसतोय," आणि मी दोनदा म्हणाले, "वारा फिरला की उतरेल."

वारा काही फिरत नव्हता. मी पंख्याखाली बसून त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिले. त्यांचा श्वास आखूड आखूड होत चालला होता.

साडेबाराला दारावर थाप पडली. आमची दांडी गावची म्हावरेवाली, मासळी विकणारी. कितीक वर्षं ती आमच्या ओट्यावर पाटी उतरवते. मी तिला बाय म्हणते, ती मला बाय म्हणते.

"काय गं बाय, भरदिवसा दारं लावून बसलीस? कोणाचं लगीन लपवतेस?"

"वास आहे ना. ह्यांना त्रास होतोय."

ती आत आली आणि पलंगापाशी थांबली. हे म्हणाले, "पापलेट आणलंस का?" पण आवाज असा निघाला, की सून स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"पापलेट राहू दे भाऊ." तिने सरळ त्यांच्या मानेला हात लावला. वर्षानुवर्षं बर्फातली मासळी हाताळलेला हात, पण तिनेच तो झटक्याने मागे घेतला. "ह्यो तं गार पडलाय. बाय, तुला वास लागला?"

"सकाळी डोळे चुरचुरले."

"आणि तुला गं?" सुनेला विचारलं.

"मला नाही."

"मी दांडीपासून उघड्या रिक्शात आले, मला काय नाय. मग वास काय एकट्या भाऊलाच शोधीत आला?"

इतकी साधी गोष्ट. घर एक, वारा एक, आणि घामाने भिजलेला माणूस एकच.

हे चिडले. "तीस वर्षं कंपनीत काढली मी. मला वास कळत नाही?"

"माझ्या दादल्याला जाळं कळत होतं," ती म्हणाली. "होडीवर बोलला, जाळं ओढून खांदा आखडला. आमचे भाऊबंद तेल चोळीत बसले. किनाऱ्याला आणला तेव्हा चोळायला काय उरलं नव्हतं. उठ बाय. माझी रिक्शा नाक्यावर उभी हाय."

ती रिक्शा दांडीच्या चार बायका मिळून करतात. मागे पाट्या, पाण्याचे ओघळ, मासळीचा वास. ह्यांना आम्ही तिघींनी मिळून आत बसवलं, चालू दिलं नाही, खुर्चीवरून नेलं. ते बायलाच सुचलं. तिची स्वतःची पाटी आमच्या ओट्यावर तशीच राहिली. सून घरी थांबली नाही, तीही पुढे रिक्शावाल्याच्या शेजारी टेकली आणि कंपनीच्या गेटवर फोन लावत राहिली. आमच्या मुलाला आत मोबाईल नेता येत नाही, लॉकरमध्ये ठेवावा लागतो.

"आपल्या डॉक्टरकडे घ्या," हे म्हणाले. "एक इंजेक्शन देतो, बरं वाटतं."

"तुमचा डॉक्टर आता जेवायला गेला असेल," बाय म्हणाली. "जिथं छातीचा कागद काढतात तिथं घे रे भैया."

"अम्मा, सीधे रोड पे टैंकर की लाइन लगी है," रिक्शावाला म्हणाला. "अंदर से निकालता हूँ, खड्डा बहुत है, बाबूजी को पकड़ो."

मी धरलं. प्रत्येक खड्ड्याला त्यांची बोटं माझ्या दंडात रुतत होती. आणि तेव्हा, त्या गचक्यांमध्ये, मला शिरगाव आठवलं. दीड महिन्यापूर्वी एका लग्नाला गेलो होतो. लग्नानंतर सगळे किनाऱ्यावर गेले, आणि हे वाळूत पंचवीस पावलं चालले असतील नसतील, छातीला हात लावून बसले. पाच मिनिटांत बरं वाटलं, उठले. मला म्हणाले, घरचा वास अंगात मुरलाय. मी हसले होते. शिरगावच्या किनाऱ्यावर कुठली कंपनी? त्याच्या आधी चिकूचे क्रेट उचलतानाही तसंच, थांबायचे, मग बरं. चाललं की दुखायचं, बसलं की जायचं. दोन महिने सांगत होती ती छाती, आणि आम्ही दर वेळी वाऱ्याकडे बोट दाखवलं.

हॉस्पिटलच्या दारात रखवालदाराने बायला अडवलं. "मावशी, मासळीच्या कपड्यांनी आत नाही."

"मग माणूस तूच उचल," ती म्हणाली. त्याने उचलला.

डॉक्टर बाई होत्या, माझ्या सुनेच्या वयाच्या. छातीला चकत्या लावल्या, यंत्रातून कागद सरकत आला. कागद पुरता बाहेर यायच्या आधीच त्यांनी सिस्टरला गोळ्या आणायला सांगितल्या आणि ह्यांना म्हणाल्या, "चावा, गिळू नका, चावा." मग माझ्याकडे वळल्या. हातात पेन.

"दुखायला नक्की किती वाजता लागलं?"

मी म्हणाले, "आत्ताच. तासभर झाला असेल."

का म्हणाले? लाज वाटली, दुसरं काय. गूळ, पंचा, लवंग, सगळं डोळ्यासमोर आलं. सून खाली फरशीकडे बघत होती.

"तासभर? छान. लवकर आणलंत," त्या म्हणाल्या आणि लिहायला लागल्या.

मागून बाय काही ओरडली नाही. नुसतं म्हणाली, "बाय."

"नऊ वाजता," मी म्हणाले. "सकाळी नऊ. वासाने होतंय समजून मी दारं-खिडक्या लावल्या. दहाला ओकले. अकराला जबडा दुखत होता. गूळ दिला मी."

डॉक्टरबाईंनी लिहिलेलं खोडलं, वर नवं लिहिलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. भराभर बोलल्या, मला कळेल असं. हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या नळ्या असतात, त्यात वर्षानुवर्षं चरबीचा थर बसतो, नळी अरुंद होते. म्हणून चालल्यावर दुखायचं. आज तो थर फाटला, त्यावर रक्ताची गुठळी धरली, नळी बंद. पलीकडचा स्नायू रक्तावाचून मरत चाललाय, मिनिटामिनिटाला. किती वाजता सुरू झालं यावर सगळं ठरतं, काय द्यायचं आणि त्याचा किती उपयोग होईल ते. नळी आतून उघडायची सोय आमच्याकडे नाही, ती विरारच्या बाजूला. तिकडे पोचेपर्यंत थांबण्यापेक्षा गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आत्ता देते आणि लगेच पुढे पाठवते.

मग म्हणाल्या, "याने रक्त पातळ होतं. क्वचित मेंदूत रक्तस्राव होतो. क्वचित, पण होतो. पूर्वी कधी लकवा? पोटात रक्तस्राव? अलीकडे ऑपरेशन, डोक्याला मार?"

एकेकाला मी थांबून, आठवून उत्तर दिलं. नाही. नाही. नाही. आता एकही उत्तर मला घाईत द्यायचं नव्हतं. मग सही केली.

इंजेक्शन दिलं आणि वाट बघणं सुरू झालं. यंत्राची रेघ धावत होती. मध्येच ती वेडीवाकडी नाचली, टीं टीं वाजायला लागलं, सिस्टर धावली. डॉक्टरबाई म्हणाल्या, नळी उघडताना असं होतं कधी कधी, बघतेय मी. त्या बघत होत्या, आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. रेघ सरळ व्हायला किती वेळ लागला मला सांगता येणार नाही. मी ह्यांच्या पायाचा अंगठा धरून उभी होते, दुसरं काही धरायला जागाच नव्हती, सगळीकडे वायरी.

तेवढ्यात मुलगा आला, पायात कंपनीचे जड बूट तसेच. आणि हे पहिल्यांदा नीट बोलले. मला म्हणाले, "छातीवरचा दगड हलला गं."

मी बाहेर आले. बाय बाकड्यावर बसली होती.

"तुझी पाटी ओट्यावर आहे गं," मी म्हणाले.

"मांजरांची दिवाळी झाली आसंल आता," ती म्हणाली, आणि मग पदर तोंडाला लावून रडली. तिच्या नवऱ्यासाठी रडली की माझ्या, मी विचारलं नाही.

विरारच्या बाजूच्या हॉस्पिटलात दुसऱ्या दिवशी मनगटातून तार घालून नळी बघितली, फुग्याने उघडली आणि बारीक जाळी बसवली. तिथल्या डॉक्टरांनी मुलाला आणि मला बसवून कारणं सांगितली. विडी, जी निवृत्तीनंतर वाडीत दुप्पट झाली. साखर, जिच्या गोळ्या हे 'बरं वाटतंय' म्हणून सोडून देत. रक्तदाब. आणि वडील, जे ह्यांच्यापेक्षा कमी वयात चिकूच्या झाडाखाली बसल्या बसल्या गेले. आम्ही आजवर समजत होतो, ऊन लागलं.

मी विचारलं, "आणि वास?"

"खराब हवेचाही हृदयाला त्रास होतो," ते म्हणाले. "वर्षानुवर्षं. तेही खरं आहे. पण म्हणून त्या दिवशी घरात बसायचं नव्हतं."

मग मी ते विचारलं, जे विचारायचं नाही असं ठरवून गेले होते. "नऊला आणलं असतं तर?"

त्यांनी यंत्राच्या पडद्यावर ह्यांच्या हृदयाचा एक कोपरा दाखवला. बाकीचं हृदय हलत होतं, तो कोपरा नुसता ओढल्यासारखा जात होता. "यातला बराच भाग वाचला असता," ते म्हणाले.

तो कोपरा मी रोज घरात बघते. चिकूचा क्रेट आता मुलगा उचलतो. हे जिना एका दमात चढत नाहीत. विडी सुटली, खारी सुकट सुटली. सकाळी ब्रश करताना हिरड्यांतून रक्त आलं म्हणून ह्यांनी रक्त पातळ करणारी गोळी गुपचूप दोन दिवस बंद केली होती. तेव्हा मी त्यांना डॉक्टरांपुढे नेऊन उभं केलं. डॉक्टर म्हणाले, न विचारता ही बंद केली तर जाळीतच गुठळी धरेल. त्या दिवसापासून गोळी माझ्यासमोर गिळतात, तोंड उघडून दाखवतात, वर जीभही बाहेर काढतात, मला चिडवायला.

गेल्या महिन्यात परत वास आला. कोबीचाच. मी सवयीने खिडकीकडे गेले, आणि वळून बघते तर ह्यांचा हात छातीवर.

"काय होतंय?"

"काही नाही. वास."

मी भिंतीवरच्या घड्याळात बघितलं. अकरा दहा. डॉक्टरांनी अशा वेळेसाठी दिलेली जिभेखालची गोळी दिली, सुनेला रिक्शा बोलवायला सांगितली. हे भांडले, पाय आपटले, रिक्शात माझ्याशी बोलले नाहीत. बरगडीखाली माझं स्वतःचं काळीज इतकं धडधडत होतं, की मला वाटलं आता मलाच चकत्या लावतील. डॉक्टरबाई त्याच होत्या. त्यांनी पेन काढलं, आणि त्या विचारायच्या आतच मी म्हणाले, "अकरा वाजून दहा मिनिटं."

कागद काढला, रक्त तपासलं, काही तास थांबवून परत तपासलं. काही नव्हतं. ऊन उतरल्यावर आम्ही घरी आलो. वास तसाच होता, सुनेने खिडक्या लावून घेतल्या होत्या. हे पलंगावर बसले, फुगलेले.

"फुकट फेरी झाली," म्हणाले. "आता निदान गुळाचा खडा तरी दे."

नाही दिला.