मेंढ्या बसलेलं रान

आखाती लढाईच्या त्या हिवाळ्यात सगळ्यांना धास्ती होती क्षेपणास्त्रांची. मला होती जंतांची. हसा खुशाल!

मी तिकडे अरबांच्या मुलखात, हाइल शहराजवळच्या एका मेंढ्यांच्या फार्मवर जनावरांचा डॉक्टर. बायको नगरकडे आमच्या गावी, दोन मुलींना घेऊन. आम्ही ख्रिस्ती, डुकरांचं वावडं नाही. पांढरी डुकरं पाळायची आणि धंद्याचा जम बसला की मला कायमचं घरी बोलवायचं, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. आमच्या माळावर धनगर दरसाल खतासाठी मेंढ्या बसवायचे. तो तुकडा तिनं कुंपण घालून घेतला. तिथं डुक्कर कधी फिरकलंच नव्हतं, म्हणजे डुकरांसाठी अगदी निर्मळ जमीन.

शुक्रवारी ती तालुक्याच्या एसटीडी बूथवर येऊन थांबायची, मी हाइलच्या टेलिफोन कचेरीतून फोन लावायचा. त्या शुक्रवारी लाइन मिळाली.

"अहो, डुकरं आलीत. दारातच ठेवलीत अजून. मेंढ्यांचे जंत लागतील का हो त्यांना?"

मला हसूच आलं. "अगं वेडे, मेंढीचे जंत डुकराच्या पोटात सहसा टिकत नाहीत. त्याचा घोर लावून घेऊ नकोस. पण ऐक..."

तेवढ्यात हल्ल्याचा भोंगा झाला. कचेरीतल्या माणसानं "खलास, खलास!" करत रिसीव्हर हातातून ओढला आणि आम्हाला तळघरात पिटाळलं.

सांगायचं होतं ते राहूनच गेलं. डुकरं स्वतःचे जंत पोटात घेऊन येतात. आधी डोस द्यायचा, काही दिवस फरशीवर कोंडायचं, ती घाण लांब नेऊन टाकायची, मगच रानात सोडायचं. त्या जंतांची अंडी एकदा मातीत पडली की वर्षानुवर्षं मरत नाहीत.

पुढचे किती शुक्रवार मी नंबर फिरवला, देव जाणे. मेली ती लाइन! पत्र टाकलं, ते कुठं अडकलं कोण जाणे. दिवसभर कफीलच्या, म्हणजे मालकाच्या, मेंढ्यांचे जबडे उघडून औषध पाजायचं आणि आपल्या घरची जनावरं तशीच रानात सोडली असणार. खरं सांगतो, औषध पाजता पाजता रडायला यायचं. करणार काय?

लढाई संपल्यावर एकदाचा फोन लागला.

"पिल्लं खोकतात हो," ती म्हणाली. "पोटं फुगलीत, अंग धरत नाहीत. तुम्ही घोर नको म्हणालात, म्हणून त्याच दिवशी सोडली मी रानात."

रागवणार कुणावर? मी औषधाचं नाव सांगितलं.

"औषधानं रान पण सुधारेल ना?"

"जनावर सुधारेल. रान नाही. तिथं आता कैक वर्षं डुकरं नकोत."

दुसरी जमीन आम्हाला नव्हती, ते तिला मी काय सांगणार? 

"बरं," ती म्हणाली. "धाकटी रोज फाटकात जाऊन बसते. तिला सांगते, बाबा एवढ्यात येत नाहीत."