शशीबाईंचा भिंतीतला पलंग

रंध्याखालच्या ढलप्या आणि वर्कशॉपमधले किस्से, कितीही झाडा, कोपऱ्यात उरतातच. आमचं चामोर्शीचं सुतारकामाचं वर्कशॉप तसं छोटं. पण लक्ष्मणभाऊंसारखे मिस्त्री असल्यावर किश्श्यांना तोटा नाही, आणि त्यातले निम्मे शशीबाईंच्या पलंगाचेच आहेत.

*

शशीबाई रिटायर्ड शिक्षिका. एका खोलीत एकट्या राहतात, दिवसा तिथंच गल्लीतली पोरं शिकायला बसतात. जागा व्हावी म्हणून त्यांनी सकाळी भिंतीला उभा करता येईल असा पलंग सांगितला.

मी म्हटलं, प्लायचा करू, हलका होईल. लक्ष्मणभाऊंनी रंधा खाली ठेवला. "सागवानाच्या मुलखात प्लाय? लोक हासतीन आपल्याले."

पलंग अस्सल सागवानाचा झाला. खाली पाडला तो झकास. वर कोण उचलणार, हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं!

*

मग रोज सकाळी बाई दारात उभ्या. दूधवाला दिसला, दूधवाला. पोस्टमन दिसला, पोस्टमन. "भाऊ, जरा हात लाव."

एकदा नागपूरहून आलेल्या त्यांच्या मुलानं, प्रकाशनं, हे पाहिलं. "स्वतःचा पलंग उचलता येत नाई अन् म्हणते एकटी राहीन. चल माझ्याकडे."

बाई वर्कशॉपमध्ये आल्या तेव्हा डोळे भरलेले होते. "तिकडे मी कोणाले शिकवू, लक्ष्मणभाऊ?" मला फार वाईट वाटलं.

*

मी गॅसचे दांडे मागवले, गाडीच्या डिक्कीला असतात तसे. "दोनानं काय होते?" म्हणत लक्ष्मणभाऊंनी चार ठोकले.

पलंग वर गेला तो गेलाच. बाई लोंबकळल्या तरी खाली येईना! आठवडाभर सागवानाचा पलंग भिंतीवर आणि बाई चटईवर.

*

"विहिरीतून घागर वर येते, मग पलंग काऊन नाई येणार?" लक्ष्मणभाऊंनी दांडे काढून वर कप्पी बसवली. दोराचं एक टोक पलंगाला, दुसऱ्या टोकाच्या आकड्याला तांदळाचं पोतं. पोतं खाली, पलंग वर. बाई एका हातानं उचलायला लागल्या.

होळीपर्यंत तक्रार आली. "पलंग दिवसेंदिवस जड होऊन राह्यला." लक्ष्मणभाऊंनी बिजागऱ्यांना तेल घातलं, दोर बदलला, शेवटी उन्हाळ्याला दोष दिला. माझं लक्ष पोत्याकडे गेलं.

"बाई, तांदूळ कुठी गेला?"

"खाल्ला की. पोरायलेबी खिचडी करून घातली."

*

दुसऱ्या दिवशी आम्ही पोत्यात भरायला रेती घेऊन गेलो, तर दारात प्रकाशची गाडी. बाईंची पितळी भांडी, परात, पाटा-वरवंटा, सगळं त्यानं एका गाठोड्यात बांधलं होतं. पलंग खालीच होता.

"एकदा उचलून दाखव," तो म्हणाला, "मी गुपचूप जातो."

प्रकाशनं गाठोडं कसंबसं खांद्यावर घेतलं आणि दाराकडे वळला.

"थांब जरा," बाई म्हणाल्या. त्यांनी रिकामं पोतं काढलं आणि आकडा त्याच्या खांद्यावरच्या गाठोड्यात अडकवला. "आता ठेव खाली."

प्रकाशनं गाठोड्याखालून खांदा काढला. गाठोडं खाली आलं. बाईंनी एक हात लावला आणि पलंग भिंतीला जाऊन टेकला.

बाईंनी केरसुणी घेतली.

"पोरं येतीन आता. गाडी तेवढी दारासमोरून काढ."