गाडीचा जन्मवार

आमच्या वोनोसोबो गावात कासिरानकाकांना न ओळखणारा माणूस एक तर कालच आलेला असतो, नाहीतर बहिरा. कारण काकांची गाडी दिएंगच्या पठाराची चढण चढू लागली, की तिच्या इंजिनाची खटखट खालच्या बाजारात ऐकू येते. चाळीस वर्षांची व्हॅन, त्यात भाजीवाल्या बायका, कोबीची पोती आणि काकांची अखंड बडबड.

आम्हा जावाच्या लोकांचा जन्मवार, म्हणजे सात वार आणि पाच बाजारदिवस यांची जोडी, दर पस्तीस दिवसांनी फिरून येतो, आणि भाविक माणूस त्या दिवशी उपास करतो. काकांनी गाडीलाही जन्मवार दिला होता, ती विकत घेतली तो दिवस. आता गाडी उपास कशी करणार? म्हणून तिच्या वाटचा उपास काका करायचे आणि तिला सगळ्यात महाग, अठ्ठ्याण्णव ऑक्टेनचं लाल पेट्रोल पाजायचे. तेही आदल्या दिवशी टाकी जवळजवळ कोरडी करून. आणि खरंच, त्या दिवशी गाडी मुकाट चढायची. मग पुढचे चौतीस दिवस काका मला तेच ऐकवायचे.

मी पडलो गॅरेजवाला, माझं डोकंच फिरायचं. शंभरदा सांगितलं, काका, ते पेट्रोल लवकर भडकत नाही, एवढाच त्याचा गुण. जास्त दाबाच्या नव्या इंजिनाला ते लागतं. तुमच्या म्हातारीला साधं नव्वदचं पुरतं. पण ऐकतो कोण!

एक दिवस सुमिनीकाकूंनी निर्वाणीचं सांगितलं. खटखटीला घाबरून बायका दुसऱ्या गाडीत बसायला लागल्यात, आणि रोज लाल पेट्रोल पाजायला आपण काही सुलतान नाही. महिन्याभरात आवाज बंद झाला नाही तर गाडी भंगारात. भंगारवाला येऊन टायरला लाथ मारूनही गेला. काका दोन दिवस धड जेवले नाहीत. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मी इंजिन उघडलं, कार्बन खरवडला, सगळं तपासलं. खोट काही सापडेना.

पुढच्या जन्मवाराला काकांनी नेहमीसारखा लाल पेट्रोलचा डबा माझ्याकडे दिला. मी तो बाकड्याखाली सरकवला, टाकीत साधं नव्वदचं ओतलं आणि साळसूद चेहऱ्यानं गाडीत काकूंच्या शेजारी जाऊन बसलो. एरवी काका बायकांशी कोबीवरून हुज्जत घालत तिसऱ्या गिअरमध्येच चढण रेटायचे. आज पोटात अन्न नाही, तोंडात शब्द नाही. पहिल्या वळणाआधीच त्यांनी शांतपणे दुसरा गिअर टाकला. गाडी वरपर्यंत गेली, हूं की चूं नाही.

वर पोचल्यावर काका माझ्याकडे वळले. "बघितलीस लालची कमाल?"

मग मी सगळं कबूल केलं. टाकीत साधंच पेट्रोल आहे, आणि गाडी खटखटते ती तुम्ही गप्पांच्या नादात तिला वरच्या गिअरमध्ये रेटता म्हणून. आता हा माणूस मला कोबीच्या पोत्यात कोंबणार, असं वाटलं. पण काकांनी गिअरचा दांडा एकदा मागेपुढे करून पाहिला.

"म्हणजे गाडीत खोट नाही," ते म्हणाले, "माझ्यात आहे?"

"छत्तीस वर्षं मी दुसरं काय सांगतेय?" काकू म्हणाल्या. "आता राहू दे गाडी. तुम्हाला भंगारात कोण घेणार?"